धूसर कडा

पंख्याच्या विमानाचा उडतानाचा फोटो काढणं तसं अवघड नाही. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवावं, बटण दाबावं. विमान लख्ख येतं. पण मेलेलं येतं. पुढचा पंखा जागच्या जागी थिजलेला असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, इंजिन बंद पडलंय, आता हे कोसळणार. म्हणून या नादातली पोचलेली माणसं शटर खाली आणत जातात. पाचशेवा भाग, अडीचशेवा, शंभरावा. शर्यतीतल्या मस्टँग विमानाचा पंखा सेकंदाला साधारण सत्तावीस फेरे घेतो आणि त्याला पाती असतात चार. शंभराव्या भागात प्रत्येक पातं पाव फेऱ्याहून थोडं जास्त फिरतं, आणि फोटोत पात्यांच्या जागी एक सलग, झिरझिरीत चकती उमटते. ती चकती आली की विमान जिवंत झालं. अडचण एवढीच की तेवढ्याच वेळात ताशी ४८० मैलांनी चाललेलं ते विमान स्वतः दोन मीटरांहून जास्त पुढे गेलेलं असतं. ते शार्प यायचं तर कॅमेरा त्याच्याबरोबर नेमक्या त्याच वेगाने वळला पाहिजे. हातात पाचशे मिलिमीटरची लेन्स, पाय रोवलेले, कमरेपासून वरचं अंग फिरतंय, श्वास अडकवलेला. शंभरात एखादा फोटो लागतो. बाकीचे नव्याण्णव फेकायचे.

या गोष्टीतली फोटोग्राफर शंभरात तीन-चार लावायची, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नेवाडा राज्यात रीनो शहराच्या उत्तरेला स्टेड नावाचा विमानतळ आहे. पाच हजार फुटांवरचं वाळवंट. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी धावपट्टीवरची हवा उकळल्यासारखी दिसते. विमानतळाचं नाव क्रॉस्टन स्टेड या वैमानिकावरून पडलं. १९४९ मध्ये तो इथेच मस्टँगच्या अपघातात गेला. त्याचा भाऊ बिल, मोठ्या रँचचा मालक आणि वेगाच्या बोटींच्या शर्यतीतला नावाजलेला गडी, याने १९६४ मध्ये आपल्या रँचजवळच्या धुळकट पट्टीवर विमानांच्या शर्यती सुरू केल्या. दोन वर्षांनी त्या स्टेडला आल्या, आणि त्याच वर्षी बिलही एका छोट्या विमानाच्या अपघातात गेला. शर्यती मात्र २०२३ पर्यंत तिथेच चालल्या. भावाचा मृत्यू ज्या विमानाने झाला त्याच विमानांना आपल्या अंगणात पळवणारा माणूस शूर म्हणावा की काय म्हणावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शर्यतीची विमानं म्हणजे मूळची लढाऊ विमानं: मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी. दुसरं महायुद्ध संपल्यावर मस्टँगसारखी विमानं कवडीमोलाने निघाली. १९४६ मध्ये पॉल मँट्झ या हॉलिवूडच्या स्टंट वैमानिकाने जवळजवळ पावणेपाचशे विमानं मिळून ५५,००० डॉलरना घेतली. टाक्यांत उरलेलं पेट्रोल विकूनच त्याचे पैसे वसूल झाले, असं सांगतात. मोजकी विमानं त्याने ठेवली, बाकीची भंगारात काढली. आणि मस्टँग घेऊन बेंडिक्स ही विमानांची शर्यत लागोपाठ तीन वर्षं जिंकला. तेव्हा भंगारात गेलेल्या विमानांचे सांगाडे पुढे लोकांनी कोठारांतून, शेतांतून शोधून काढले आणि दहा-दहा वर्षं खपून उभे केले. आज उडता मस्टँग दशलक्षावधी डॉलरना जातो.

एवढ्या मायेने उभं केलेलं विमान शर्यतवाले मग छळतात. पंखांची टोकं छाटतात. वैमानिकाच्या डोक्यावरची काच बुटकी करतात. पत्र्याच्या सांध्यांत लांबी भरून पंख आरशासारखे घासतात. मस्टँगचं मर्लिन इंजिन सत्तावीस लिटरचं, बारा सिलिंडरचं. युद्धात ते मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर आणि सतराशेच्या आसपास अश्वशक्तीवर चालायचं. इथे त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण मारून, दाब दुपटीच्या पुढे नेऊन, त्याच्याकडून तीन हजारांवर अश्वशक्ती काढतात. आठ मैलांची फेरी, जमिनीपासून कधी कधी पन्नास फुटांवरून, मिनिटाभरात.

आपल्या गोष्टीतला मस्टँग राखाडी होता. त्याचा मालकच त्याचा वैमानिक. पैसा बांधकामाच्या धंद्यातला, पन्नाशीचा, बोलका आणि उतावळा. आणि विमानाची खरी मालकी ज्यांच्याकडे होती ते त्याचे मेकॅनिक. वय सत्तरीच्या पुढे. कोंबड्यांच्या कोठारातून आणलेल्या सांगाड्यापासून हे विमान त्यांनी उभं केलेलं. बोलणं कमी, कॉफी जास्त. फोटोग्राफर त्यांना वचकून असायची, कारण विमानाच्या जवळ कॅमेऱ्याचा पट्टा लोंबकळताना दिसला की ते अक्षरशः गुरगुरायचे.

शनिवारी दुपारी, अंतिम शर्यतीच्या आदल्या फेरीत, ती लांबच्या एका पायलनपाशी उभी होती. पायलन म्हणजे टेलिफोनच्या खांबासारखा उंच खांब, टोकावर पिंप बसवलेलं. विमानांनी त्याच्या बाहेरून वळायचं. खाली पंच मान वर करून बसलेले, कोण आतून गेला ते टिपायला. तिने ही जागा मुद्दाम मागून घेतली होती. प्रेक्षकांच्या स्टँडवरून पाहिलं तर मधल्या तापलेल्या हवेत विमान लहरत दिसतं. पायलनखाली ते अंगावरून जातं, आणि मधे फारशी हवाच नसते.

पहिल्या फेऱ्यांत राखाडी मस्टँग एका सी फ्युरीच्या मागे होता. चौथ्या फेरीला आवाज बदलला. इंजिनाच्या घुमण्यात एक धारदार किंकाळी मिसळली. वैमानिकाने दाब वाढवला होता. पाचव्या फेरीला ते विमान पंखावर उभं राहून, पोट दाखवत नव्हे तर पाठ दाखवत, तिच्या समोरून वळलं. तिचं अंग आपोआप वळलं. बोट दाबलेलं होतं. विमान गेल्यावर तिने श्वास सोडला आणि स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. काही फोटो आल्याचं हाताला कळतं.

रात्री मोटेलच्या खोलीत तिने तो उघडला. पंख्याची पूर्ण चकती. मागे वाळवंटाचा टेकड्यांसकट पिवळट फराटा. आणि मधोमध विमान, इतकं शार्प की शेपटीवरच्या रिव्हेटांची रांग मोजावी. वैमानिकाचं हेल्मेट, त्यावरचा ओरखडासुद्धा. या वर्षीचाच काय, तिच्या आजवरच्या कामातला हा सगळ्यात चांगला फोटो होता. तिने तो वैमानिकाला फोनवर पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: याचं पोस्टर करायचं. उद्या सकाळी. पुरस्कर्त्याचे लोक येणार आहेत.

पोस्टर म्हटल्यावर तिने फोटो मोठा करून इंच-इंच तपासला. तेव्हा तो दोष दिसला. डाव्या आडव्या शेपटीच्या मागच्या बाजूला, एलेव्हेटर या हलत्या भागाच्या कडेला, एक हातभर लांबीची पट्टी असते, ट्रिम टॅब. तिची मागची कडा धूसर होती. जणू कुणी ओल्या रंगावरून बोट फिरवलं. शिवाय तिथेच बाजूला बोटाएवढा एक काळपट डाग. ऐन चांगल्या फोटोत नेमकं हे. तिला राग आला, तो स्वतःचाच. एवढं सगळं शार्प आणि इथे हात कच्चा पडला?

पोस्टर म्हणजे काही बातमी नव्हे. वर्तमानपत्राला द्यायच्या फोटोत तिने कधी एक ठिपका हलवला नसता. तो नियम ती पाळायची, आणि न पाळणाऱ्यांबद्दल कडवटपणे बोलायची. पण पोस्टरमध्ये लोक आभाळच्या आभाळ बदलतात. तिने शेजारची स्वच्छ कडा उचलली आणि रफू करावं तशी त्या जागी बसवली. डाग पुसला. काम सुबक झालं; ती हातची कुशल होती. मग शहरातल्या एका दुकानाला फाइल पाठवून ती निजली.

रविवारी सकाळी हँगरमध्ये पोस्टर भिंतीला लावलं, तेव्हा सगळे जमले. वैमानिक त्याच्यासमोर पाय फाकून उभा होता आणि दर अर्ध्या मिनिटाला कुणाला तरी हाक मारून दाखवत होता. तिच्या पाठीवर थापा पडल्या. दुसऱ्या चमूतला एकजण येऊन तिला म्हणाला, पुढच्या वर्षी आमच्याकडे ये. ती हसत होती आणि ते हसू लपवत होती.

मेकॅनिक शेवटी आले. हातात कॉफीचा मग. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पोस्टर नाकापासून शेपटीपर्यंत वाचलं. वाचलंच म्हणायला हवं. ते बघणं नव्हतं.

"फोटो झकास आहे," ते म्हणाले. "विमान कुणाचं?"

वैमानिक हसला. "म्हणजे काय? आपलंच."

"मग माझा डाग कुठाय?"

कुणालाच काही कळलं नाही. त्यांनी बोट डाव्या एलेव्हेटरवर ठेवलं. "गेल्या महिन्यात इथे शिडी घासली. रंग उडाला. डब्यातला रंग संपलेला, दुसऱ्या डब्यातला एक छटा गडद निघाला. तो मी लावला. रोज सकाळी मला तो दिसतो आणि रोज मी स्वतःला शिव्या देतो. इथे नाहीये."

तिचे कान तापले. "पोस्टरसाठी थोडं साफ केलं," ती म्हणाली.

"काय काय साफ केलं?"

"तो डाग. आणि बाजूची एक कडा जरा हलल्यासारखी आली होती, ती."

"कुठली कडा?"

तिने दाखवली. मेकॅनिकनी मग खाली ठेवला. भरलेला मग त्यांनी खाली ठेवलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"मूळ फोटो दाखव, पोरी."

इथे गोष्ट थोडी थांबवावी लागते, कारण त्या हँगरमध्ये कुणीच काही का बोलेना, हे त्याशिवाय कळणार नाही. १६ सप्टेंबर २०११ रोजी याच स्टेडवर 'गॅलपिंग घोस्ट' नावाचा मस्टँग शर्यतीत ताशी ५०० मैलांच्या आसपास होता. जिमी लीवर्ड हा ७४ वर्षांचा मुरलेला वैमानिक तो चालवत होता. अचानक विमानाने नाक वर उचललं, ते उलटं होत वर गेलं आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांपाशी आदळलं. लीवर्ड आणि दहा प्रेक्षक गेले, साठाहून जास्त जखमी झाले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला, तेव्हा कारण निघालं ते शेपटीच्या डाव्या ट्रिम टॅबमध्ये. टॅब धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचे लॉकनट जुने झाले होते. एकदाच वापरायचे ते नट किमान २६ वर्षं बदललेले नव्हते. त्यामुळे स्क्रू सैल पडले, एकाला चीर गेली, आणि शर्यतीच्या वेगाला टॅब फडफडायला लागला. इंग्रजीत ज्याला फ्लटर म्हणतात तो हा प्रकार. वाऱ्याने एकदा त्या फडफडीला ताल धरला की ती आपोआप वाढत जाते आणि काही क्षणांत धातू तोडते. टॅब निकामी झाला, विमान वर उसळलं, वैमानिकावर गुरुत्वाच्या सतरापटीहून जास्त भार आला आणि त्याची शुद्ध हरपली. हे सगळं तपासणाऱ्यांना जुळवता आलं त्यात एक मोठा वाटा प्रेक्षकांनी काढलेल्या फोटोंचा होता. टॅबचा तुकडा निघून गेलेला, मागचं चाक आपोआप बाहेर आलेलं, कॉकपिटमध्ये वैमानिकाचं डोकं दिसत नाही असं, हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या कॅमेऱ्यात आलेलं होतं.

या हँगरमध्ये उभे असलेले निम्मे लोक त्या दिवशी स्टेडवर होते. मेकॅनिक त्यांतले एक.

तिने लॅपटॉप उघडला. मूळ फोटो मोठा केला. डाग होता, धूसर कडा होती. वैमानिक खांद्यावरून वाकून बघत होता. तो पटकन म्हणाला, "अगं, हात हलला असेल. एवढ्या स्लो शटरला हलतोच."

त्याने दार उघडून धरलं होतं. तिने फक्त आत जायचं होतं. हो, हलला असेल, एवढं म्हटलं की काम भागत होतं. पोस्टर टिकलं असतं, दुपारची शर्यत टिकली असती, आणि रात्री केलेली रफू म्हणजे स्वतःची चूक झाकणं, एवढंच उरलं असतं. त्याबद्दल कुणी कुणाला फासावर देत नाही. वर विनयशीलही दिसली असती. नम्रपणा इतका सोयीचा क्वचितच असतो.

"माझा हात हलला नव्हता," ती म्हणाली.

वैमानिकाने मान झटकली. तिने रिव्हेटांची रांग दाखवली. टॅबच्या कडेपासून वीतभर अंतरावर, आणि एकेक रिव्हेट वेगळा दिसत होता. "हात हलला असता तर हे सगळं मिळून हललं असतं. इथे फक्त ती कडा हललीये. ती मी नाही हलवली. विमानानेच हलवलीये." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "आणि हे मला रात्रीच कळायला हवं होतं. मी बघितलं, आणि पुसलं."

"बाकीचे फोटो?" मेकॅनिकनी विचारलं.

"ते टाकाऊ आहेत. हललेले."

"पुसलेस?"

कार्ड अजून तसंच होतं. तिने ते लावलं आणि सगळा कचरा पडद्यावर मांडला. नाक कापलेले, शेपटी कापलेले, थरथरलेले, नुसतं आभाळ आलेले. एरवी असले फोटो ती स्वतःच्या आईलाही दाखवत नसे. मेकॅनिकनी ते फेऱ्यांच्या क्रमाने लावायला सांगितले. पहिल्या तीन फेऱ्यांत, जिथे जिथे शेपटी बऱ्यापैकी आली होती, टॅबची कडा बाजूच्या पत्र्याइतकीच स्पष्ट. चौथ्या फेरीला किंचित जाडसर. पाचव्या आणि सहाव्या फेरीला, तीन वेगवेगळ्या टाकाऊ फोटोंत, धूसर.

वैमानिक शिडीच्या पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चौथ्या फेरीपासून दांड्यात बारीक झिणझिणी येत होती. पुढच्या सी फ्युरीने ढवळलेली हवा असेल म्हटलं."

"उतरल्यावर सांगितलं नाहीस," मेकॅनिक म्हणाले.

"दुसऱ्या नंबरावर आलो होतो."

हे उत्तर नव्हतं, पण खरं होतं.

मेकॅनिक टॉर्च घेऊन शेपटीपाशी गेले. गुडघ्यांवर बसायला त्यांना वेळ लागला. टॅबच्या मागच्या कडेला अंगठा आणि तर्जनी लावून त्यांनी ती वर-खाली हलवली. सगळेच टॅब थोडे हलतात; किती हलावेत याला माप असतं. हा मापाबाहेर होता. मग झाकणी उघडून ते आतल्या स्क्रूपर्यंत गेले. स्क्रूच्या डोक्यावरचा राखाडी रंग अखंड होता, म्हणजे विमान रंगवल्यापासून तिथे कुणाचा पाना लागलाच नव्हता. त्यांनी पाना लावून नट थोडा सैल केला, पाना काढला, आणि पुढे तो नट बोटांनीच फिरवून हातात घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लॉकनटच्या तोंडाशी आत फायबरची किंवा नायलॉनची चकती असते. स्क्रूचे आटे तिच्यात रुतून जातात, म्हणून थरथरीने नट सुटत नाही. ती चकती झिजली की नट नुसता नावाचा लॉकनट राहतो. विमानाच्या कामात पहिल्याच वर्षी शिकवतात, जो लॉकनट बोटांनी फिरतो तो कचऱ्यात. नव्याची किंमत मेकॅनिकांच्या मगातल्या कॉफीपेक्षा कमी.

ते तो नट तळहातावर घेऊन आले. "तपासणीच्या यादीवर माझी सही आहे," ते म्हणाले. "मी इथे बघितलं होतं. फिरवून नव्हतं बघितलं."

वैमानिकाला आता हायसं वाटलं. दोष सापडला होता, तोही एवढासा. घड्याळात सकाळचे नऊ. शर्यत दुपारी. "नवे नट टेबलच्या खणात आहेत ना? मग लावा. दोन्ही बाजूंचे बदला."

"नट मी तासाभरात बदलीन."

"झालं तर मग."

"नट बदलल्याने नट नवा होतो. काल तीन फेऱ्या तो टॅब थरथरला. त्या थरथरीने बिजागरीचं काय झालं, दांडीचं काय झालं, आतल्या पट्टीला चीर गेली का, ते मला शेपटी उघडून, रंगद्रव लावून बघावं लागेल. आज होणार नाही."

मग भांडण झालं. ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. भांडणं सगळीकडे सारखीच असतात. वैमानिकाने वर्षभराचा खर्च काढला, इंजिनाचा काढला, पुरस्कर्त्याचा काढला. विमान माझं आहे, हेही काढलं. एक स्टूल लाथेने उडालं. मेकॅनिक म्हणाले, विमान तुझंच आहे, किल्ल्या तुझ्याकडेच आहेत. सही मात्र माझी आहे आणि ती मी देणार नाही. वैमानिक बाहेर गेला. विमानाभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. शर्यतीच्या कार्यालयात त्याने स्वतः फोन केला आणि तांत्रिक कारण एवढंच सांगितलं.

दुपारी पुरस्कर्त्याचे लोक आले. पोस्टरं देखणी होती. त्यांवरचं विमान मात्र हँगरसमोर दोरीच्या आत उभं होतं आणि डोक्यावरून दुसरीच विमानं घोंघावत जात होती. दोघा-तिघांनी वैमानिकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की दुसऱ्या नंबराच्या माणसाला अंतिम शर्यतीत उतरायची भीती वाटली असेल. त्याने ऐकलं. या माणसाबद्दल मी वर उतावळा म्हटलं आहे, ते खरंच आहे. पण त्या संध्याकाळी त्याने एकदाही नटची गोष्ट पुढे करून स्वतःची सुटका केली नाही, हेही नोंदवायला हवं. फोटोग्राफरशी तो दिवसभर नीट बोलला नाही. ती आपल्या पायलनवर गेली, शर्यत टिपली, फोटो बरे आले.

ऑक्टोबरात मेकॅनिकनी शेपटी सगळी उघडली. आठवडाभर खपले. बिजागऱ्या, दांडी, पट्टी, एकेक भाग धुऊन, रंगद्रव लावून, भिंगाखाली घेतला. कुठेही चीर नव्हती. चार झिजलेले नट सोडले तर शेपटी धडधाकट होती.

त्यांनी वैमानिकाला फोन करून तसं सांगितलं.

"म्हणजे त्या रविवारी नवे नट लावून मी उडलो असतो तर?"

"काही झालं नसतं."

"कदाचित जिंकलोही असतो."

"कदाचित. इंजिन चांगलं होतं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मेकॅनिकनाही ती भरून काढायची घाई नव्हती. मग वैमानिकाने विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना. चार नटांसाठी आठवडा गेला." ते थांबले. "पुढच्या वेळीही एवढाच जाईल, धरून चाल."

त्या हिवाळ्यात वैमानिकाने तिला पत्र पाठवून मूळ फोटो मागवला, डागासकट आणि धूसर कडेसकट. पैसे द्यायला तो तयार होता. तिने फाइल पाठवली, पैसे घेतले नाहीत, पण टाकाऊ फोटोंची सगळी चळतही सोबत दिली. मेकॅनिकनी त्यांतले सहा छापून घेतले, फेऱ्यांच्या क्रमाने, आणि नटांच्या खणाच्या वर ओळीने चिकटवले. नवीन पोरगं कामाला आलं की ते आधी त्याला त्या सहा फोटोंसमोर उभं करतात आणि यात काय दिसतं ते विचारतात. बहुतेक पोरं म्हणतात, फोटोग्राफर शिकाऊ असावा.

पुढच्या सप्टेंबरात ती स्टेडला आली, तर पहिल्याच सकाळी तिच्याभोवती चार वेगवेगळ्या चमूंची माणसं. आमच्या शेपटीचे काढ. इंजिनावरच्या काउलिंगच्या सांध्याचे काढ. त्या एलेव्हेटरची कडा प्रत्येक फेरीला हवी. पंखा थिजला तरी चालेल, आभाळ कापलं तरी चालेल, छान यायलाच पाहिजेत असं नाही.

"छान फोटोचे दर गेल्या वर्षीचेच आहेत," ती लेन्सचं टोपण काढत म्हणाली. "खराब फोटोंचे वाढलेत."